दुखणं अंगावर काढू नये

बाम चोळून चोळून काकांचा उजवा खांदा लालभडक झाला होता. वय पासष्टच्या आसपास, सगळं आयुष्य शेतात गेलेलं, यकृताच्या कॅन्सरवर उपचार चालू. खांदा कधीपासून दुखतोय विचारलं, तर म्हणाले, "जुनंच आहे डॉक्टर, जन्मभर पोती उचललीत." फाइल काखेत मारून ते बाहेर पडले, तेव्हा मागे रेंगाळलेल्या काकूंनी दारातूनच सांगितलं, "रात्र रात्र बसून काढतात. उजव्या कुशीवर टेकवतसुद्धा नाही. तुम्हाला सांगायचं नाही, असं बजावलंय मला." दुखतंय म्हटलं की डॉक्टर केमो थांबवतील, अशी काकांची समजूत होती.

खांद्याचं ते दुखणं पोत्यांचं नव्हतंच. यकृताचं होतं.

यकृत हा पोटातला सर्वांत मोठा अवयव, सव्वा ते दीड किलो वजनाचा. गंमत वाटावी अशी गोष्ट ही, की त्याच्या आतल्या भागाला वेदना जवळपास कळतच नाही. म्हणून तिथली गाठ महिनोन् महिने मुकाट वाढते. वेदना कळते ती त्याच्यावरच्या पातळ, चिवट आवरणाला. फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने 1654 साली यकृतावरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, म्हणून ते ग्लिसनचं आवरण. आतली गाठ वाढली, सूज आली, की हे आवरण ताणलं जातं आणि उजव्या बरगडीखाली जड, ओढल्यासारखं दुखू लागतं. यकृताचा वरचा भाग श्वासपटलाला लागून असतो. श्वासपटलाची नस निघते थेट मानेतून, आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेच्या त्याच भागात पोहोचतात. निरोप पोटातून येतो, पण मेंदू पत्ता वाचतो खांद्याचा. तिथे कितीही बाम चोळला तरी तो लागू कसा पडणार?

"काळजाला घरं पडली" असं आपण मनाच्या दुःखाला म्हणतो. पण मटणाच्या दुकानातली कलेजी म्हणजे यकृतच. आपल्या भाषेने यकृत आणि जीव यांना एकाच शब्दात बसवलं आहे, आणि या आजारात शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं वेगळं काढता येत नाही, हे मी रोज पाहतो. 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी याला 'समग्र वेदना' म्हटलं. शरीराची वेदना, भीती, घरच्यांची काळजी, पैशाचा घोर हे सगळं तिच्यात आलं. रात्री दुखणं वाढतं त्याचं एक कारण हेही आहे. दिवसभर माणसं असतात, रात्री फक्त विचार असतात.

दुखणं सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही, आणि त्यातला प्रत्येक शब्द डॉक्टरच्या कामाचा आहे. "जड वाटतं, ओढ बसते" म्हटलं की आवरणाचा ताण समजायचा. "कळ येते, जाते, परत येते" म्हटलं की पित्तनलिका किंवा आतडं आठवायचं. "चमक निघते, आग होते, मुंग्या येतात" ही नसांची भाषा. "हाडात ठणका लागतो, रात्री जास्त" असं कुणी म्हणालं तर गाठ हाडापर्यंत गेली आहे का, हे तपासायचं. "चुरचुरतं, भगभगतं" हे तोंडाचं आणि त्वचेचं. हे नुसते शब्द नव्हेत. आवरणाच्या ताणावर डेक्सामेथासोनसारखं सूज उतरवणारं स्टेरॉइड गुण देतं (ते सकाळीच द्यायचं, कारण झोप उडते, आणि मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवायचं). नसांच्या आगीवर त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन लागतं. हाडाच्या ठणक्यावर रेडिएशनची एकच बैठकही पुष्कळदा आराम देते. म्हणून "लई दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. कुठे, कसं, कधी हे सांगा, आणि शून्य ते दहामध्ये आकडा द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं कल्पनेतही येत नाही.

आता केमोविषयी. आपल्याकडे कॅन्सरच्या प्रत्येक औषधाला केमो म्हणण्याची रीत आहे. यकृतात मुळातच सुरू झालेल्या कॅन्सरवर, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमावर, सलाइनमधून साऱ्या अंगात जाणारी जुनी केमोथेरपी फारशी चालत नाही. तिथे तीन वाटा जास्त वापरात आहेत: गाठीच्या धमनीतूनच औषध सोडणं, सोराफेनिब किंवा लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्या, आणि अलीकडची इम्युनोथेरपी. मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरला मात्र सलाइनमधली केमो लागते. प्रत्येक वाटेचं दुखणं वेगळं, म्हणून आपला उपचार कोणता, हे नावानिशी विचारून घ्यावं.

धमनीतून औषध सोडण्याच्या उपचाराला वॉर्डात 'टेस' म्हणतात. काका केमो म्हणत होते तो हाच. यामागची कल्पना मला फार देखणी वाटते. यकृताला रक्त दोन मार्गांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच ओढते. मग जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवून गाठीच्या तोंडाशी न्यायची, डॉक्सोरुबिसिनसारखं औषध तेलकट द्रवात कालवून तिथेच सोडायचं, आणि ती वाट बुजवून टाकायची. गाठीची रसद तुटते, आणि बाकीचं यकृत पोर्टल शिरेवर तगून राहतं.

गाठीचा भाग असा मरू लागतो तेव्हा सूज येते, आवरण ताणलं जातं आणि दुखतं. सोबत ताप, मळमळ, गळून गेल्यासारखं होणं. पुष्कळ रुग्णांना हे होतं, काही दिवस टिकतं आणि ओसरतं. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. न सांगता झालं, तर घरच्यांना वाटतं की उपचार बिघडला. यातली खरी गोम वेळेत आहे. वेदनेचं औषध दुखायला लागल्यावर शोधायचं नसतं, ते उपचाराच्या आधीपासूनच चालू ठेवायचं असतं. टेसच्या तारखेच्या आदल्या दिवशी विचारा: नंतर दुखेल तेव्हा काय द्यायचं, किती द्यायचं, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?

सोराफेनिबच्या गोळ्यांचं दुखणं पोटात नसतं, तळव्यांत असतं. पहिल्या काही आठवड्यांत हातापायांचे तळवे लाल होतात, जिथे दाब पडतो तिथे कुरूपासारखी जाड, हुळहुळी त्वचा येते, टाचा टेकवत नाहीत. अनवाणी चालणाऱ्याला आणि खुरपं धरणाऱ्या हाताला हे जास्त बाधतं. गोळी सुरू होण्याआधीच पायांची कुरुपं दाखवून घ्यावी, युरिया असलेलं मलम पहिल्या दिवसापासून लावावं, मऊ चप्पल घरातही घालावी, गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. तरीही पावलं दुखू लागली तर लगेच कळवावं. डॉक्टर गोळी थोडे दिवस थांबवतात किंवा कमी करतात. वेळेवर कळवलं तर उपचार चालू राहतो. लपवून ठेवलं, तर महिनाभराने तो बंदच करावा लागतो. काकांची भीती नेमकी उलट्या दिशेने खरी ठरते, ती अशी.

आतड्यातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरवरचं ऑक्सालिप्लॅटिन थंडीशी वैर धरतं. सलाइननंतर काही दिवस फ्रीजमधली स्टीलची बाटली हातात घेतली तरी बोटांत विजेसारखी चमक जाते, गार पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा होतो. एका मावशींनी पहाटे नळाच्या गार पाण्यात भांडी घासायला घेतली आणि हात मागे ओढून त्या रडल्याच. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते दिवस कोमट पाणी प्यावं, हातमोजे घालावे, फ्रीज दुसऱ्याला उघडू द्यावा. थंडीची चमक ओसरते. पण पुढे पुढे हातापायांना येणारा बधिरपणा टिकून राहू शकतो. शर्टाची बटणं लावता येईनात, चप्पल पायातून निसटल्याचं कळेना, असं झालं की पुढच्या सलाइनच्या आधी ते सांगायलाच हवं.

केमोने तोंड आलं असेल तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या कराव्या. पाणी थुंकून टाकावं. पोटात पाणी साठलेल्या रुग्णाने तर मीठ गिळू नयेच.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं, त्याकडे येतो. वेदनेच्या बहुतेक गोळ्यांचा निचरा यकृतातूनच होतो, आणि इथे यकृतच आजारी. यकृताचा कॅन्सर बहुतेकदा सिरॉसिसने आधीच निबर झालेल्या यकृतात होतो. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी इथे घातक ठरू शकते.

घरोघरी समज असा, की पॅरासिटामॉल यकृताला वाईट, त्यापेक्षा आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बरं. सिरॉसिस असलेल्या रुग्णात हे उलटं आहे. अशा रुग्णाचे मूत्रपिंड रक्तपुरवठा टिकवण्यासाठी शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांवर विसंबून असतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही सारी औषधं तीच द्रव्यं बंद पाडतात. मग लघवी कमी होते, पोटातलं पाणी वाढतं, मूत्रपिंड बंद पडू शकतात. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर रक्ताची उलटी होऊ शकते, त्यात प्लेटलेट आधीच कमी. पॅरासिटामॉल मात्र मोजून घेतलं तर चालतं. एरवी निरोगी माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा सांगतात, इथे ती साधारण दोन ग्रॅम. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, नाहीतर 650 च्या तीन. वजन फार उतरलं असेल, कावीळ जास्त असेल, तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि मोजताना सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या जोडगोळीतलं पॅरासिटामॉलही धरायचं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.

गावातल्या दवाखान्यात "एक सुई मारून द्या" म्हणण्याची सवय आहे. कमरेत दिली जाणारी ती सुई पुष्कळदा डायक्लोफेनॅकचीच असते. केमोनंतर प्लेटलेट कमी असताना सुईच्या जागीही रक्त साकळतं. म्हणून कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकताच आधी सांगा: यकृताचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे.

केमोच्या दिवसांत पॅरासिटामॉल घेण्याआधी थर्मामीटर लावायचा, हा नियम पाळाच. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप ही धोक्याची एकमेव खूण असू शकते, आणि गोळी ती खूण झाकून टाकते. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर आधी रुग्णालयाला फोन, मग गोळी. टेसनंतर थोडा ताप अपेक्षित असतो, तरी थंडी वाजून आला किंवा उतरेना, तर कळवायचं.

पॅरासिटामॉलने भागत नाही तेव्हा मॉर्फिनचं नाव निघतं आणि घरात शांतता पसरते. "म्हणजे शेवट आला का?" हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. नाही. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, उरलेल्या दिवसांवर नाही. दुखणं उतरलं की ते हळूहळू कमी करून बंदही करता येतं. व्यसनाची भीतीही अशीच. वेदनेसाठी, सांगितलेल्या मापात, देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाला व्यसन लागणं क्वचितच घडतं. शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं, इतकंच.

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली: आधी साधी औषधं, मग ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी सौम्य, मग मॉर्फिन. शक्यतो तोंडाने, आणि घड्याळ लावून. शेवटचं सर्वांत मोलाचं आहे. दुखेल तेव्हा घ्यायची गोळी नेहमीच उशिरा पोहोचते. वेळेवर घेतलेली गोळी दुखण्याच्या पुढे राहते. यकृताच्या रुग्णात मधली पायरी मात्र ठिसूळ आहे. कोडीनचं मॉर्फिनमध्ये रूपांतर यकृतालाच करावं लागतं, आणि ट्रॅमाडॉल अंगात साठत जातं. म्हणून पुष्कळ डॉक्टर ती पायरी वगळून थेट मॉर्फिनच्या लहान मात्रेवर येतात. पोटातून घेतलेल्या मॉर्फिनचा मोठा भाग निरोगी यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. सिरॉसिसमध्ये तो तसाच रक्तात उतरतो आणि रेंगाळतो. म्हणून अडीच ते पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात, आणि नेहमीच्या चार तासांऐवजी सहा किंवा आठ तासांचं अंतर. मूत्रपिंडही थकले असतील तर फेंटानिल बरं. त्याची चिकटपट्टी 72 तास चालते, पण पहिला परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास लागतात. त्या पट्टीवर शेक देऊ नये, गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध भसकन आत जातं. भरपूर ताप चढला तरी हेच होतं.

मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. मॉर्फिनने पोट घट्ट होतं. एरवी ती नुसती गैरसोय, इथे तो धोका आहे. मळ आतड्यात तुंबला की अमोनियासारखी द्रव्यं रक्तात जातात, आजारी यकृत ती गाळू शकत नाही, आणि माणूस गुंगतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, मॉर्फिन चढलं. पुष्कळदा दोष तुंबलेल्या पोटाचा असतो. लॅक्टुलोजचं सिरप दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकं घ्यावं. इसबगोलावर विसंबू नये. पाणी कमी पीत असलेल्या माणसात तो उलट अडकतो. माणूस वेळ-वार विसरू लागला, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडू लागले, तर पुढची मात्रा देऊ नका, डॉक्टरांना गाठा.

मॉर्फिन आपल्याकडे मिळत का नाही, याची गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात होते. नीमच, मंदसौर, चित्तोडगडची शेतं आणि नीमच-गाझीपूरचे सरकारी कारखाने प्रसिद्ध आहेत. 1985 साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला, परवान्यांचं जंजाळ उभं राहिलं, दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी धसका घेतला, आणि पुढच्या काही वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2014 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी झाली. तरीही ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. गावी परतण्याआधी पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल इतकी घ्या, चिठ्ठी जपा, गोळ्या कुलपात ठेवा. मुंबईत टाटा रुग्णालयाचा वेदनाशमन विभाग आहे, वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. केमो चालू असतानाच जायचं असतं.

गोळ्यांपलीकडेही उपाय आहेत. पोटात पाणी साठून ताण बसत असेल तर सुईने पाणी काढल्यावर तासाभरात मोकळं वाटतं. यकृताच्या दुखण्यावर रेडिएशनची एक बैठक अनेकांना आराम देते. पोटामागच्या नसांच्या जाळ्यावर इंजेक्शन देण्याचीही सोय असते. डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत, तर तुम्ही विचारा. काढ्यांबद्दल मात्र सावध राहा. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला, तरी कॅन्सरने आणि औषधांनी आधीच दमलेल्या यकृतावर आणखी एक अनोळखी भार कशाला टाकायचा?

काही दुखण्यांत फोनचीही वाट पाहायची नसते. पोटात अचानक भयंकर कळ येऊन घाम फुटला, चक्कर आली. शौच डांबरासारखं काळं झालं. पोटात पाणी असताना ताप आणि पोटदुखी एकत्र आली. तर सरळ रुग्णालय गाठायचं, मग रात्र असो की सण.

काकांना परत आत बोलावलं. जवळ बसवून सांगितलं, की दुखतंय म्हणून केमो थांबत नाही, दुखणं लपवल्याने थांबते. त्यांना सकाळी डेक्सामेथासोन, आठ तासांनी अडीच मिलिग्रॅम मॉर्फिन आणि लॅक्टुलोज सुरू केलं. काकूंनी वहीत वेळ, आकडा आणि काकांचा शब्द लिहायला घेतला. पहिल्या रात्री आठ, 'ओढ'. तिसऱ्या रात्री पाच. पाचव्या रात्री तीन, आणि पुढे काकूंच्या अक्षरात, "आडवे झोपले." टेसची पुढची तारीख होती तीच राहिली.